चौथ्या क्लिपवरचा ठिपका

आधीच सांगून टाकते. आमच्या जावयाचा मला राग यायचा तो त्याने काही वाईट केलं म्हणून नाही. त्याने काही वाईट केलंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सहा महिन्यांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला आणि बाबा म्हणाले, "घरचं गॅरेज असताना बाहेर कशाला शोधताय?" झालं. दुसऱ्या दिवशी साडेआठला हा दारात हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. इस्त्रीचा! गॅरेजमध्ये! आणि बाबांनी काय करावं? आत जाऊन घरातली खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि म्हणाले, "या जावईबापू, बसा." अठरा वर्षं मी त्या गॅरेजमध्ये गाड्यांखाली आडवी होतेय. माझे केस ऑइलने धुतले गेलेत म्हटलं तरी चालेल. मला कुणी कधी "बसा" म्हटलेलं नाही. मी बसते उलट्या डब्यावर, आणि त्या डब्याचीही एक कड वाकलेली आहे.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण बोलणार कुणाला? आईला बोलले तर ती म्हणाली, "अगं, जावई आहे तो घरचा." जसं काही मी परक्या घरची होते.

आता बाटलीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. आमच्या गॅरेजची एक पद्धत आहे, बाबांनी घालून दिलेली. गाडीचं काम ज्याने केलं त्याने स्वतःच ते तपासायचं नाही. दुसऱ्याने यायचं, प्रत्येक नट, पाइप आवळणारी प्रत्येक क्लिप हाताने ओढून बघायची, आणि घट्ट असेल तर तिच्यावर पिवळा ठिपका लावायचा. ठिपका लागला की काम पक्कं. मग त्या क्लिपला कुणी परत हात लावायचा नाही, अगदी ज्याने बसवली त्यानेही नाही. ठिपका कसला, तर नेलपॉलिशचा. वाळतो पटकन आणि ऑइलने जात नाही. बाबांनी पहिली बाटली आणली तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला होता, की ही पिवळीजर्द नेलपॉलिश नक्की कुणासाठी? अजूनही ती गोष्ट निघाली की बाबा कान पकडतात.

ती बाटली बाबांच्या खिशात असायची. कायम. इंजिन मी उतरवीन, गिअरबॉक्स मी उघडीन, पण ठिपका बाबांचा. गिऱ्हाईक बिलाकडे बघायचं नाही, बॉनेट उघडून ठिपके बघायचं. आणि आता बाबा सत्तरीला आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. येता-जाता म्हणायचे, "आता बाटली कुणाकडे तरी द्यायला हवी." असं म्हणताना त्यांची नजर कुठे जायची हे मी रोज बघत होते. खुर्चीकडे.

मला ती बाटली हवी होती. गॅरेज नको, पाटीवर नाव नको. ती चार बोटं उंचीची बाटली हवी होती. बस्स.

धाकटी शाळेची मिनीबस चालवते. तिला लहानपणापासून चालवायचीच हौस, आणि मला उघडायची. त्या बसचं स्टिअरिंग गेलं वर्षभर त्रास देत होतं. सकाळी ठीक, आणि दुपार झाली की जड. वळवताना कण्हायचं, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं. मी स्टिअरिंगचा पंप बदलला. चार महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा पंप बदलला. पुन्हा तेच. बाबांनी दोन्ही जुने पंप उचलून माझ्या डब्याशेजारी ठेवून दिले.

त्या दिवशी सकाळी बस तिसऱ्यांदा आली. मी बॉनेट उघडून पंपाकडे बघत उभी होते. जावई आला, स्टिअरिंग-ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि वास घेतला. मग बोट माझ्यापुढे धरलं.

"ताई, ऑइल करपलंय. पंपाचा दोष नाही वाटत. ही बस दिवसभर गल्लीबोळांत वळत असते, सारखं पुढे-मागे, सारखं वळण. ऑइल तापून तापून पातळ होतं. पंप बदललात तरी नवा पंप त्याच तापलेल्या ऑइलवर चालणार. कूलर बसवूया का, छोटासा?"

अगदी नम्रपणे. "बसवूया का." चढ्या आवाजात बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं! आणि बरोबर होतं त्याचं. वास मलाही येत होता. वर्षभर येत होता. पण मी पंपाच्या मागे लागले होते ती लागलेच होते.

"वा, जावईबापू!" बाबा मागून म्हणाले. "वा!"

अठरा वर्षांत मला एकूण किती वेळा "वा" मिळालं असेल? मी मोजलेलं नाही, पण एका हाताची बोटं पुरतील आणि अंगठा शिल्लक राहील.

कूलर म्हणजे काही मोठी भानगड नाही. हातभर लांबीची वाकवलेली नळी आणि तिला पातळ पातळ पत्र्याच्या पट्ट्या. रेडिएटरच्या पुढे बसवायचा, म्हणजे वारा लागतो. स्टिअरिंगकडून ऑइल परत टाकीत येतं तो रबरी पाइप मध्येच कापायचा, एक तोंड कूलरच्या एका टोकाला, दुसरं दुसऱ्याला. बाबांची शिस्त अशी की कूलरच्या दोन क्लिपांबरोबर पाइपच्या दोन्ही टोकांच्या जुन्या क्लिपाही बदलायच्या, म्हणजे एकूण चार. एवढंच. पण एक गोम आहे: पाइप परतीचाच कापायचा. पंपातून निघणाऱ्या पाइपात जोर असतो, तिथे कूलर लावला तर तो फुटेल.

आता माझा हलकटपणा ऐका. मी देवाला विनवत होते की याने चुकीचा पाइप कापावा. तो पाइपला हात घालायला लागला तेव्हा मी साळसूदपणे विचारलं, "हाच ना नक्की?"

"हो ताई, परतीचा. दुसऱ्यात प्रेशर असतं," तो म्हणाला, आणि वर हसला, जणू मी त्याची काळजी करत होते.

मग मी डब्यावर बसून बघत राहिले. एक चूक सापडावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बघितलं. पाइप सरळ कापला. कूलरखाली रबराचे तुकडे दिले, रेडिएटरला घासू नये म्हणून. पंख्यापासून लांब ठेवला. पुढची चाकं जॅकवर उचलली, नवं लाल ऑइल भरलं, इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, टाकीतले बुडबुडे संपेपर्यंत. नाव ठेवायला जागा नाही! इतका चांगला माणूस बघून कुणाला बरं वाटत असेल तर वाटो. मी जळत होते. त्या ऑइलसारखं माझंही काहीतरी करपत होतं.

तेवढ्यात बाबा माझ्यापाशी आले. खिशातून बाटली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"माझा हात थरथरतोय आज. तू तपास आणि तू लाव ठिपके."

आणि दाराजवळच्या उजेडात जाऊन चष्म्याचा निघालेला स्क्रू बसवत बसले.

मी बाटलीकडे बघितलं. जी बाटली मला हवी होती ती अशी मिळावी? जावयाच्या कामावर रंग लावायला? म्हणजे कौतुक त्याचं आणि शिक्का मारायला मी, पोस्टातल्या बाईसारखी. तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या बाटली त्याच्याकडे जाणार आणि आज तिची ने-आण माझ्याकडून, असंच मला वाटलं. दुसरं काही मनातसुद्धा आलं नाही.

जावयाला तेवढ्यात आईने आतून हाक मारली. सिलिंडर हलवायचा होता. तो हात पुसत पुसत गेला.

मी वाकले. पहिली क्लिप ओढली, घट्ट. दुसरी घट्ट. तिसरी, अगदी दगड. चौथी, सगळ्यात खालची, बोट लावलं आणि गोल फिरली.

फिरली! पुन्हा फिरवून बघितली. नुसती अडकवून ठेवली होती. पाइपला जरा पीळ पडलेला होता. तो सरळ करून मग आवळायची असं त्याच्या मनात असणार, आणि तेवढ्यात आईची हाक आली असणार. हे मला तिथल्या तिथे कळलं, तोंडात घास न्यावा इतकं सहज कळलं. माझ्या एप्रनच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. चार फेऱ्यांचं काम.

मी बाटली उघडली. पहिल्या क्लिपवर ठिपका लावला, दुसरीवर, तिसरीवर. आणि चौथीवरही.

माझा हिशेब असा होता. ठिपके लागल्यावर आमच्याकडे गाडी खाली पुठ्ठा घालून अर्धा तास चालू ठेवतात, गरम होऊ देतात. गार ऑइल थांबेल, पण गरम झालं की पातळ होणार आणि त्या क्लिपमधून टिपकायला लागणार. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल थेंब, सगळ्यांसमोर. बाबांनी बघायचं. मी म्हणायचं, "अय्या, हे काय? ओढली तेव्हा तर घट्ट लागली होती, वळवताना सैल झाली वाटतं," आणि मग आवळायची. एवढंच हवं होतं मला. पुठ्ठ्यावर चार थेंब. कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं, हे शपथेवर सांगते, आणि शपथेचा काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे.

जावई परत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे, झालं पण? थँक्यू हं, ताई." ठिपका दिसल्यावर त्याने क्लिपला हात लावला नाही. पद्धतच तशी होती ना.

चाकं खाली आली. मी पुठ्ठा शोधत होते तोच धाकटी धावत आली, ओढणी खांद्यावर टाकत.

"अहो, झाली का बस? शाळेतून फोन आलाय, आज अर्ध्या दिवसात सोडतायत. मला आत्ता निघायला हवं."

"तापवून बघायची राहिलीय," जावई म्हणाला. "बाबा, दहा मिनिटं तरी..."

बाबांनी दारातून विचारलं, "ठिपके पडले?"

प्रश्न मला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. आता बोल, माझंच मन म्हणत होतं, अगं बये, बोल. "थांबा, एक राहिली" एवढं म्हटलं असतं तरी कुणी काही विचारलं नसतं. पण हातात ती बाटली होती, आणि चौथ्या क्लिपवरचा ठिपका अजून ओला होता.

"पडले," मी म्हणाले.

"मग जाऊ दे तिला," बाबा म्हणाले.

बस गेली. जावई हत्यारं पुसून जागेवर लावायला लागला. मी पुठ्ठा हातात धरून तशीच उभी. शाळा टेकडीवर आहे. जाताना चढ आणि सात वळणं. येताना उतार, तीच सात वळणं आणि मागे पोरं. चढताना ऑइल तापणार. पोचेपर्यंत टाकी अर्धी होणार. आणि उतारावर, चौथ्या-पाचव्या वळणावर, जिथे कठडा मोडलाय तिथे, ऑइल संपून स्टिअरिंग एकदम दगडासारखं होणार. धाकटीचे हात माझ्यासारखे नाहीत. बरणीचं झाकणसुद्धा ती माझ्याकडे आणून देते.

मी पुठ्ठा टाकला, बाटली एप्रनच्या खिशात कोंबली, ऑइलचा डबा उचलला आणि स्कूटर काढली. "कुठे?" असं आई आतून ओरडली. तोवर मी रस्त्याला लागले होते.

तो चढ मी कसा चढले ते मला विचारू नका. प्रत्येक वळणावर रस्त्याकडे बघत होते. तिसऱ्या वळणावर पहिला थेंब दिसला. मग थोड्या थोड्या अंतरावर. सहाव्या वळणावर सलग रेघ होती.

शाळेच्या फाटकात बस उभी होती, तोंड उताराकडे. पोरं चढली होती. खिडक्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि हात बाहेर, कुणीतरी कुणाच्या डोक्यात टोपी मारत होतं. धाकटीने इंजिन चालू केलं होतं. मी स्कूटर सरळ बसच्या पुढ्यात आडवी घातली.

"ताई! वेड लागलं का तुला?"

"बंद कर! आधी बंद कर!"

तिने बंद केलं. खाली उतरली. बससमोर ताटाएवढं लाल थारोळं होतं. ते बघून ती हबकली.

"तरीच! शेवटच्या वळणाला जड लागलं गं. मला वाटलं नवीन आहे म्हणून असेल..." मग तिने मागे वळून पोरं मोजली.

मी खाली सरपटले. क्लिप ऑइलने माखली होती, आणि त्यातही ठिपका स्वच्छ दिसत होता. पिवळाजर्द. जात नाही ना तो ऑइलने. मी पाइपचा पीळ काढला, स्क्रू ड्रायव्हर लावला, चार फेऱ्या मारल्या. खरंच, चारच. टाकी भरली, इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवून घेतलं, प्रत्येक क्लिप ओढली, पुन्हा ओढली.

"घरी गेल्यावर बघतेच यांच्याकडे," धाकटी म्हणाली. "लक्ष कुठे असतं देव जाणे. पोरं होती माझ्या गाडीत!" मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाली, "पण तुला कसं कळलं गं? ऑइल घेऊनच आलीस."

"असंच," मी म्हणाले. "वाटलं."

तिने माझा खांदा दाबला. "तू आहेस म्हणून," असं म्हणाली. मी उतारभर तिच्या मागे मागे स्कूटर चालवत आले. बस अगदी लोण्यासारखी वळत होती. कूलरचं काम उत्तम झालं होतं.

पोरांना घरोघरी सोडून आम्ही गॅरेजमध्ये आलो तर धाकटीने दारातूनच तोफ सुरू केली. जावई ऐकत उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. ती दमल्यावर तो म्हणाला, "चूक माझीच. खालची क्लिप पाइप सरळ करून आवळायची म्हणून ठेवली होती, आणि आईंनी हाक मारली." मग थांबला. "पण नाही, ताईंचा ठिपका होता तिच्यावर. ताईंनी ओढल्याशिवाय लावला नसता. म्हणजे मी आवळलीच असणार, पण नीट बसली नसेल, नंतर सरकली असेल. ताईंकडून राहणार नाही. माझंच काहीतरी चुकलं."

बघा. माझ्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा म्हणून तो स्वतःच्या आठवणीला खोटं पाडत होता. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. नाही घेतलं.

बाबा उठले. माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही.

"चौथी ओढून बघितली होतीस?"

"बघितली होती."

"मग?"

मी जावयाकडे बघितलं, मग खाली. "फिरत होती. बोटाने फिरत होती. मला माहीत होतं. तरी लावला ठिपका."

धाकटी म्हणाली, "म्हणजे?" मग तिचं तिलाच उमगलं. "माझ्या गाडीवर, ताई?" एवढंच म्हणाली आणि घरात निघून गेली. जावई तिथेच उभा होता. तो चिडला असता, शिवी दिली असती, तर मी त्याचे पाय धरले असते. तो नुसता हातातलं फडकं घडी करत राहिला, पुन्हा उलगडत राहिला.

"का?" बाबांनी विचारलं.

"बाटली तुम्ही त्याला देणार म्हणून."

बाबांनी माझ्यापुढे हात केला, तळवा वर करून, बाटली परत घ्यायला.

मी त्या हाताकडे बघत राहिले. तो हलत नव्हता. जरासुद्धा नाही. आणि मला दाराजवळचा उजेड आठवला, चष्मा आठवला, मोहरीएवढा तो स्क्रू आठवला. थरथरणाऱ्या हाताने कुणी असला स्क्रू बसवत नाही. सकाळी काहीही थरथरत नव्हतं. अठरा वर्षांत ज्या बाबांनी मला "बस" म्हटलं नाही त्यांना "ही घे, आता तुझी" असं म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हाताचं निमित्त केलं होतं. बाटली सकाळीच माझी झाली होती. चार ठिपके लावेपर्यंत माझी होती.

मी एप्रनच्या खिशातून ती काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली. ठेवताना झाकण दोनदा खडखडलं. हात थरथरत होता तो माझा.